वाचकांचे प्रश्न : परदेशातील अल्पकालीन ख्रिस्ती सेवा

सुटीच्या दिवसांत दहा-पंधरा दिवसांसाठी परदेशी सेवेला जाणारे गट आता आपल्या मंडळ्यांतूनही निघू लागले आहेत. त्याविषयी आलेल्या पत्रांतील काही पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे दिलेली नाहीत. जावे की जाऊ नये, असे जवळजवळ कोणीच विचारलेले नाही. बहुतेकांचे जाणे ठरलेले आहे आणि प्रश्न तयारीचे आहेत. उत्तरे देताना मात्र आम्हाला काही ठिकाणी ठरलेल्या बेताबद्दलच बोलावे लागले आहे, त्याबद्दल पत्रलेखकांनी राग मानू नये.

प्रश्न : आमच्या तरुण संघातील बारा जण ऑक्टोबरमध्ये दहा दिवसांसाठी नेपाळला जाणार आहेत. तेथील एका पाळकांची एका अधिवेशनात ओळख झाली, त्यांनी आनंदाने बोलावले आहे. गावोगावी पत्रके वाटणे, चौकात गीते गाणे आणि साक्ष देणे (आपल्या विश्वासाचा अनुभव लोकांना सांगणे) असा कार्यक्रम आम्ही आखला आहे. व्हिसा लागत नसल्यामुळे अडचण येणार नाही असे वाटते. आपले मार्गदर्शन हवे. (तरुण संघाचे सचिव, संगमनेर)

व्हिसा लागत नाही हे खरे आहे. भारतीय नागरिकाला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे ओळखपत्र पुरते. प्रत्येकाने यांपैकी एक मूळ कागद जवळ ठेवावा, मोबाइलमधील छायाचित्रावर विसंबू नये. मनमाडहून गोरखपूरची गाडी धरून पुढे सोनौलीला सीमा ओलांडली की पाट्या देवनागरीतच दिसतात, त्यामुळे आपण परदेशात आलो आहोत याचा विसर पडतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र तुम्ही तेथे परदेशीच असता, आणि तुमच्या कार्यक्रमाचा संबंध नेमका त्या कायद्याशी येतो.

नेपाळच्या २०१५ च्या संविधानातील २६ व्या अनुच्छेदाने प्रत्येकाला आपापला धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य दिले आहे आणि त्याच अनुच्छेदात दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई केली आहे. ऑगस्ट २०१८ पासून अमलात आलेल्या फौजदारी संहितेच्या कलम १५८ नुसार धर्मांतर घडवणाऱ्याला, तसा प्रयत्न करणाऱ्याला किंवा त्या हेतूने प्रचार करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दोषी व्यक्ती परदेशी असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांच्या आत तिला देशाबाहेर पाठवण्याची तरतूदही त्यात आहे. चौकात उभे राहून दिलेली साक्ष आणि हातात ठेवलेले पत्रक या कलमाच्या कक्षेत सहज आणता येते. त्यामुळे कार्यक्रमाचा हा भाग रद्द करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तुमच्यापैकी काहींना हा भित्रेपणा वाटेल. परंतु धोका कोणाला आहे ते पाहा. दहा दिवसांनी तुम्ही गोरखपूरला परतीच्या गाडीत बसाल आणि पोलीस चौकीत उत्तरे देत बसावे लागेल ते तुमच्या यजमान पाळकांना. पोखरा येथील एका नेपाळी पाळकांना करोनाविषयीच्या प्रार्थनेचा व्हिडिओ प्रसारित झाल्यावर २०२० साली अटक झाली, पुढे आणखी आरोप लागले, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये डोल्पाच्या जिल्हा न्यायालयाने त्यांना दोन वर्षांची कैद सुनावली. वरच्या न्यायालयात ती शिक्षा कमी झाली, तरी मधल्या काळात त्यांचे कुटुंब आणि मंडळी यांना जे सोसावे लागले ते भरून निघत नाही. तुमच्या फेरीचा व्हिडिओ तुमच्यापैकीच कोणीतरी त्याच संध्याकाळी फेसबुकवर टाकील, हे आम्ही जवळजवळ खात्रीने सांगू शकतो, आणि तो तेथे कोण कोण पाहील यावर तुमचा काहीही ताबा राहणार नाही.

नेपाळमधील ख्रिस्ती सेवेचा इतिहासही याच बाजूने बोलतो. १९५४ साली नागपुरात झालेल्या बैठकीत अनेक मिशनांनी एकत्र येऊन युनायटेड मिशन टू नेपाळ ही संस्था स्थापन केली. तिने रुग्णालये, शाळा आणि खेड्यांतील उपजीविकेची कामे करावीत आणि धर्मप्रसार करू नये, ही अट सरकारबरोबरच्या करारातच होती. बाहेरून आलेल्या डॉक्टरांनी आणि शिक्षकांनी ती अट पाळली. मंडळ्या उभ्या केल्या त्या नेपाळी विश्वासणाऱ्यांनी, ज्यांतील अनेक जण दार्जिलिंग, नौतनवा अशा आपल्या बाजूच्या गावांत विश्वासात आले आणि मग घरी परतले. २०२१ च्या जनगणनेत नेपाळमधील ख्रिस्ती लोकांचे प्रमाण १.७६ टक्के नोंदले गेले. परदेशी पत्रकांवाचून एवढी मजल गाठलेल्या मंडळीला तुमच्या पत्रकांची किती गरज आहे, याचा विचार करावा.

मग दहा दिवस काय करावे? हे आम्ही ठरवणे योग्य नाही आणि, स्पष्ट लिहायचे तर, तुम्हीही ठरवणे योग्य नाही. पाळकांना पत्र लिहून ‘आमचा कार्यक्रम असा आहे, चालेल का’ असे विचारलेत तर ते ‘चालेल’ असेच कळवतील, कारण येतो म्हणणाऱ्या पाहुण्याला नको म्हणणे आपल्याकडे जितके जड जाते तितकेच तिकडेही जाते. ‘या वर्षी आपले कोणते काम माणसांअभावी अडले आहे’ असे विचारा, आणि तो प्रश्न त्यांना व तुम्हाला दोघांना ओळखणाऱ्या वडीलधाऱ्या माणसामार्फत विचारा. तसे कोणी नसेल तर अधिवेशनातील एका भेटीच्या बळावर बारा जणांनी निघू नये. आधी दोघांनी जाऊन यावे. बारा हा आकडाही आम्हाला मोठा वाटतो. डोंगरावरच्या घरात पाणी खालच्या धाऱ्यावरून (पाणवठ्यावरून) भरून आणावे लागते आणि पाहुणे आहेत तोवर दोन्ही वेळचा डाळभात घरातील बाई रांधते. चार-पाच जण गेले तर त्यांच्याशी बोलायला तिला सवड तरी मिळेल.

दोन गोष्टी तुमच्या आराखड्यात सुटलेल्या दिसतात. ऑक्टोबरमध्ये बहुधा दसैं येतो. आपल्या नवरात्र-दसऱ्याच्याच काळातला हा नेपाळचा सर्वांत मोठा सण, त्या दिवसांत कचेऱ्या बंद असतात आणि गावी निघालेल्या माणसांनी बसगाड्या भरलेल्या असतात. शिवाय नेपाळमध्ये साप्ताहिक सुटी शनिवारी असल्यामुळे मंडळ्यांची उपासनाही शनिवारी होते. आराखड्यात रविवारी सकाळी ‘मुख्य उपासना व उपदेश’ लिहिले आहे, त्या वेळी मंडळी कामावर गेलेली असेल. शनिवारी मात्र वेळेआधी जा, पायताण दाराबाहेर काढा, पुरुष एका बाजूला आणि स्त्रिया दुसऱ्या बाजूला जमिनीवर बसल्या असतील तर तसेच बसा, आणि ‘जयमसीह’ म्हणून सलाम करा. चार नेपाळी भजने येथूनच पाठ करून गेलात तर लिपीची अडचण नाही.

प्रश्न : मी मिरजेत परिचारिका आहे. दोन डॉक्टर आणि आम्ही चौघी नेपाळच्या डोंगरी भागात चार दिवसांचे मोफत आरोग्य शिबिर घेणार आहोत. औषध प्रतिनिधींकडून नमुन्याची औषधे जमा करीत आहोत. आणखी कोणती औषधे न्यावीत? (एक वाचक, मिरज)

औषधांच्या यादीआधी परवानगी पाहावी लागेल. परदेशी डॉक्टरांना तेथे रुग्ण तपासण्यासाठी नेपाळ मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी घ्यावी लागते, परिचारिकांसाठी हेच काम नेपाळ नर्सिंग कौन्सिल करते. मिरजेतील अनुभव कितीही मोठा असला तरी त्या कागदाशिवाय इंजेक्शनची सुई हातात घेऊ नये. आपल्या वॉर्डात उद्या कोणी परदेशी पाहुणी नोंदणीशिवाय सलाइन लावू लागली तर आपण तिला थांबवालच.

नमुन्याची औषधे नेऊ नयेत. दान केलेले औषध पोहोचेल तेव्हा त्याची मुदत किमान एक वर्ष शिल्लक असावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे आणि नमुन्यांची पाकिटे त्यात क्वचितच बसतात. वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांच्या पट्ट्या एका पिशवीत घेऊन गेलात तर तेथील आरोग्य चौकीतल्या माणसाला त्या पुढे उपयोगी पडण्याऐवजी त्यांची विल्हेवाट लावण्याचे काम लागेल. औषधे लागणारच असतील तर ती नेपाळमध्ये, तेथील डॉक्टर लिहून देतील ती, विकत घ्यावीत.

मुख्य अडचण चार दिवसांची आहे. शिबिराच्या टेबलासमोर दोन तास चालून आलेली पन्नाशीची बाई बसली आहे, रक्तदाब १८० वर ११० आहे, तिला काहीच त्रास जाणवत नाही. आपण तिला ॲम्लोडिपिनच्या तीन पट्ट्या देता, दुभाष्यामार्फत रोज एक घ्या म्हणून सांगता आणि पुढचे नाव पुकारता. तिसावी गोळी संपेल तेव्हा आपण मिरजेत असाल. गोळी थांबल्यावर रक्तदाब पुन्हा चढेल, आणि ‘इंडियाच्या डॉक्टरांनी दिलेले औषध घेतले, मी बरी झाले’ या समजुतीने ती आरोग्य चौकीत जाणारही नाही. म्हणजे तपासणी झाली नसती तर जितकी सावध राहिली असती त्याहून ती आता बेसावध आहे. प्रतिजैविकांची कथा याहून वाईट आहे, कारण अर्धवट घेतलेल्या मात्रेचे परिणाम तिच्यापुरते राहत नाहीत.

म्हणून स्वतंत्र शिबिर न घेता तेथे वर्षभर चालणाऱ्या रुग्णालयाच्या हाताखाली काम करावे, असे आम्ही सुचवतो. पाल्पा जिल्ह्यातील तानसेनचे मिशन रुग्णालय अशा अल्पकालीन वैद्यकीय स्वयंसेवकांना ओळखते. सोनौलीहून भैरहवा, बुटवल करीत घाट चढून गेले की ते गाव लागते. जागा आहे की नाही, कोणत्या विभागात आणि किती आठवड्यांसाठी, हे रुग्णालयाला ठरवू द्या, आणि कदाचित ‘चार दिवसांसाठी नको’ असे उत्तर येईल हे गृहीत धरा. दुसरा मार्ग प्रशिक्षणाचा आहे. नेपाळमध्ये १९८८ पासून महिला सामुदायिक आरोग्य स्वयंसेविका काम करतात. सुमारे पन्नास हजार स्त्रियांचे हे जाळे आपल्या आशाताईंपेक्षा कितीतरी जुने आहे. स्थानिक आरोग्य कार्यालयाने मागितले तर नवजात बालकाची काळजी किंवा जखमेची मलमपट्टी यांसारख्या एखाद्या विषयाची उजळणी चार दिवसांत नीट होऊ शकते, आणि ती शिकलेली बाई गावातच राहते. मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय काढले आणि तीन दशकांहून अधिक काळ तेथे काढला. त्यांच्या शस्त्रक्रियांइतकेच मोल त्यांनी येथे शिकवून तयार केलेल्या माणसांचे आहे, हे मिरजेच्या वाचकाला सांगण्याची गरज नसावी.

प्रश्न : आमच्या गटाला काठमांडूतील एका बालगृहात एक दिवस द्यायचा आहे. खाऊ, कपडे, खेळ आणि मंडळीत दाखवण्यासाठी मुलांबरोबर छायाचित्रे असा बेत आहे. काही हरकत आहे का? (शब्बाथशाळेच्या शिक्षिका, नाशिक)

हरकत आहे, आणि ती मोठी आहे. १९९६ ते २००६ या यादवीच्या काळात हुम्ला यांसारख्या दूरच्या जिल्ह्यांतून ‘चांगल्या शाळेत घालतो’ असे सांगून दलालांनी आईबापांकडून पैसे घेऊन मुले काठमांडूत आणली आणि बालगृहांत अनाथ म्हणून ठेवली. बालगृहांतील बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील जिवंत असतात, हे नेपाळविषयी वारंवार समोर आले आहे. मुलांना भेटायला येणारे परदेशी पाहुणे आणि त्यांचे देणगीचे पाकीट हा या धंद्याचा आधार असतो. पाहुणे येत राहतात तोवर मुलाला घरी पाठवण्यात चालकाचा तोटा असतो. ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी अशा रीतीने मुले अनाथालयांत आणण्याला गुलामगिरीच्या प्रकारांत गणले, त्यामागे हीच कारणे होती. हेतू शुद्ध असणे येथे कामाला येत नाही. हैतीच्या भूकंपानंतर जानेवारी २०१० मध्ये दहा अमेरिकन बाप्टिस्ट स्वयंसेवकांना तेहतीस ‘अनाथ’ मुलांना सीमेपार नेताना अटक झाली, आणि त्या मुलांचे पालक किंवा जवळचे नातलग हयात असल्याचे पुढे आढळले.

आपण निवडलेले बालगृह प्रामाणिक असेलही. तरी एका दिवसासाठी येऊन मांडीवर घेणारी आणि संध्याकाळी निघून जाणारी माणसे त्या मुलांनी किती पाहिली असतील, याचा विचार शिक्षिका म्हणून आपल्याला अधिक करता येईल. छायाचित्रे तर नकोतच. आपल्या शब्बाथशाळेतील मुलांचे फोटो एखाद्या अनोळखी गटाने आपल्या नोटीस बोर्डावर लावले तर पालक काय म्हणतील, तोच निकष तिकडेही लावावा. तो दिवस तेथील मंडळीच्या शब्बाथशाळेच्या शिक्षकांबरोबर घालवता आला तर पाहा.

प्रश्न : प्रवासखर्चाचा काही भाग मंडळीच्या न्यासातून द्यावा आणि उरलेली रक्कम नेपाळच्या मंडळीला मदत म्हणून रोख न्यावी असा पंचमंडळात ठराव आला आहे. खजिनदार म्हणून मला शंका आहे. (खजिनदार, सोलापूर)

शंका रास्त आहे. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या न्यासाचा पैसा न्यासाच्या घटनेतील उद्दिष्टांसाठीच वापरता येतो, म्हणून आधी घटना काढून वाचावी. भारताबाहेर खर्च केलेल्या रकमेवर धर्मादाय न्यासाला आयकरातील सूट सहसा मिळत नाही, त्यासाठी प्रत्यक्ष कर मंडळाची वेगळी मंजुरी लागते. न्यासाला परदेशी देणगी येत असेल तर ती या कामाजवळही आणू नये, कारण परदेशी देणगीविषयक कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास बंदी आहे. ठराव पुढच्या सभेत मागे घ्यावा आणि लेखापरीक्षकांचे मत लेखी घ्यावे. जाणाऱ्याने आपला खर्च स्वतः करावा, ज्याला झेपत नाही त्याला मित्रांनी व नातलगांनी व्यक्तिशः मदत करावी, हा जुना रिवाजच सरळ आहे.

रोख रक्कम खिशातून नेऊन पाळकांच्या हातात देण्याचा दुसरा तोटा हिशेबाबाहेरचा आहे. ती कोणी दिली, किती दिली, कोणाला मिळाली, यावरून तेथील मंडळीत जे सुरू होते ते मिटवायला तुमचा गट तेथे नसतो.

प्रश्न : माझी मुलगी धर्मग्रामातील (पॅरिशमधील) युवक गटाबरोबर तीन आठवड्यांसाठी युगांडाला जाणार आहे. आरोग्याची कोणती काळजी घ्यावी? (एक आई, वसई)

पिवळ्या तापाची लस सर्वांत आधी. युगांडात उतरताना तिचा दाखला मागतात, आणि परतताना तो नसेल तर भारतात विमानतळावरून थेट सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. येथे कोणाची ओळख चालत नाही. ही लस सरकारने नेमलेल्या ठरावीक केंद्रांवरच मिळते, केंद्रांवर गर्दी असते आणि दाखला लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होतो, म्हणून तिकिटाबरोबरच लशीची तारीख घ्यावी. एकदा घेतलेली लस २०१६ पासून आयुष्यभरासाठी ग्राह्य धरली जाते. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल तर केंद्रावरील डॉक्टरांना आधी सांगावे.

हिवतापाची प्रतिबंधक गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने जाण्याआधी सुरू करून परतल्यावरही घ्यायची असते, काही गोळ्या तर चार आठवडे. मुली घरी आल्या की आनंदात हेच विसरतात. परतल्यावर कधीही ताप आला तर ‘युगांडाहून आले आहे’ हे वाक्य डॉक्टरांना पहिल्यांदा सांगायचे, एवढे तिच्याकडून पाठ करून घ्यावे.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. आमच्या चर्चमधील किशोरवयीन मुलांना घेऊन मी डिसेंबरमध्ये बीड जिल्ह्यातील माझ्या माहेरच्या गावी मुलांसाठी बायबल शिबिर घ्यावे म्हणते. मुले अमेरिकन नागरिक आहेत, माझ्याकडे ओसीआय (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारे) कार्ड आहे. (एक वाचक, न्यू जर्सी)

आपल्या बाबतीत परदेश म्हणजे आपलेच गाव, तरी नियम परदेशी माणसाचेच लागतील. भारताच्या ई-पर्यटक व्हिसावर एक महिन्यापर्यंत विनामोबदला स्वयंसेवा करता येते, पण धर्मप्रचार त्यात येत नाही. मिशनरी कामासाठी वेगळा व्हिसा आहे. ओसीआय कार्डामुळे आपण मोकळ्या आहात असे समजू नये. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार कार्डधारकालाही मिशनरी स्वरूपाच्या कामासाठी विशेष परवानगी घ्यावी लागते. आपण लिहिता ते शिबिर त्यात मोडते की नाही, हे भारतीय दूतावासाकडून लेखी विचारून घ्यावे आणि उत्तर येईपर्यंत तिकिटे काढू नयेत.

दुसरी अडचण कॅलेंडरची आहे, आणि ती आपल्याला माहेरवाशीण म्हणून आठवायला हवी होती. दसरा-दिवाळीनंतर गावातील किती कोयते (नवरा-बायकोच्या जोड्या) ऊसतोडीला साखर कारखान्यांकडे निघतात? डिसेंबरात गावात म्हातारी माणसे आणि त्यांच्याजवळ ठेवलेली थोडी मुले उरतात, बाकीची आईबापांबरोबर उसाच्या फडात असतात. उन्हाळ्यात सारे परततात, पण मे महिन्यात ती उष्णता न्यू जर्सीच्या मुलांना सोसणार नाही, आणि जूनच्या मध्याला शाळा उघडते. जुलैत आलात तर मुले दिवसभर शाळेत आणि आईबाप शेतात असतील. मग आपला वेळ संध्याकाळचा आणि रविवारचा, एवढाच उरतो. तेवढ्यासाठी किती मुले आणायची आणि त्यांच्या झोपण्याची सोय कोणाच्या घरी, हे गावच्या पाळकांशी बोलून ठरवावे. त्यांचे नाव आपल्या पत्रात कोठेच आलेले नाही.